पेल्यातला पाला

१९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात हर्शेल मिशेल, एस्मंड स्नेल आणि रॉजर विल्यम्स या तीन संशोधकांनी चार टन पालक कामाला लावला. एवढा ढीग उपसून त्यांच्या हाती जे लागलं, ते अगदी थोडं होतं. पण आज जगभरातल्या गरोदर बायकांना ज्याच्या गोळ्या दिल्या जातात ते हेच, फॉलिक आम्ल. त्याचा माग मात्र त्याआधी दहा वर्षं मुंबईत लागला होता.

ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गरोदरपणात कितीतरी गरीब बायकांच्या अंगातलं रक्त इतकं कमी व्हायचं की त्या दगावायच्या. त्यांत गिरणीत काम करणाऱ्या होत्या, पडद्यात राहणाऱ्याही होत्या. लोह देऊनही उपयोग होत नसे. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तांबड्या पेशी संख्येनं थोड्या, पण आकारानं अवाढव्य. विल्सनं या बायका काय खातात ते तपासलं. त्यांच्या जेवणात प्रथिनं, फळं, भाज्या अगदी बेताच्या. मग तिनं माकडांना तसाच निकस आहार दिला, त्यांनाही तसाच आजार झाला, आणि मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क चाटवल्यावर ती बरी झाली. बायकांवरही तोच उपाय लागू पडला. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं, तेव्हा अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता हे कोणालाच माहीत नव्हतं. तो पालकातून वेगळा निघाला, आणि पुढे लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या चमूनं तो प्रयोगशाळेत तयारही करून दाखवला.

रोज सकाळी पेलाभर हिरवी स्मूदी प्यावी का, या प्रश्नाकडे जाताना मला हा इतिहास आधी सांगावासा वाटतो. हिरव्या पानाची महती कोणा आहारगुरूनं ठरवलेली नाही. ती मुंबईच्या बायाबापड्यांच्या रक्तातून सिद्ध झाली आहे. स्मूदीचा विचार करताना प्रश्न एवढाच उरतो, की पानात जे आहे ते मिक्सरमधून फिरवून प्यायल्यावर आपल्याला किती मिळतं, आणि त्याबरोबर नको ते काय येतं.

शंभर ग्रॅम पालकात साधारण १४० ते २०० मायक्रोग्रॅम फोलेट, म्हणजे फॉलिक आम्लाचंच पानातलं रूप, असतं. प्रौढ बाईची दिवसाची गरज २२० मायक्रोग्रॅमच्या आसपास धरली जाते. शिवाय बीटा कॅरोटिन, डोळ्यांच्या पडद्याला लागणारं ल्युटिन, क आणि के जीवनसत्त्व, पोटॅशियम, मॅग्नेशियम. आता आपल्याकडची नेहमीची पद्धत आठवा. पालक भरपूर पाण्यात शिजवायचा, पाणी ओतून द्यायचं, मग घोटायचा. फोलेट पाण्यात विरघळतं. उकडलेल्या पालकात त्यातलं निम्मंच राहतं आणि निम्मं मोरीत जातं. वाफवलेल्या पालकात मात्र ते जवळजवळ सगळं टिकतं. कच्चा पाला वाटून प्यायला तर फोलेट आणि क जीवनसत्त्व दोन्ही पदरात पडतात. हा स्मूदीचा पहिला आणि खरा फायदा.

पण स्मूदीची कीर्ती या फायद्यामुळे पसरली नाही. तिची पूर्वज म्हणजे गव्हांकुराचा रस. लिथुआनियात जन्मलेल्या ॲन विगमोर या बाईनं बॉस्टनमध्ये त्याचा प्रसार केला. तिची समजूत अशी, की पानातलं हरितद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन यांची घडण सारखी, म्हणून हरितद्रव्य प्यायलं की त्याचं रक्त होतं. घडणीतलं साम्य खरं आहे. दोन्हींच्या मध्यभागी एक धातू असतो, हरितद्रव्यात मॅग्नेशियम आणि रक्तातल्या हीममध्ये लोह. या दोन रेणूंच्या रचनेवरच्या कामाबद्दल हान्स फिशर यांना १९३० चं नोबेल मिळालं. पण आपलं शरीर हरितद्रव्यातला मॅग्नेशियम काढून त्या जागी लोह बसवत नाही. हीम ते स्वतःच, साध्या अमिनो आम्लापासून तयार करतं. विगमोरचे दावे पुढे मधुमेह आणि एड्सपर्यंत गेले आणि १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ॲटर्नी जनरलनी तिच्यावर खटले भरले. रशियातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिक्टोरिया बुटेन्को यांनी २००५ मध्ये 'ग्रीन फॉर लाइफ' हे पुस्तक लिहिलं आणि पानं, फळं, पाणी एकत्र फिरवायची आजची पद्धत रूढ झाली. चिंपांझी इतका पाला खातात, आपण का खात नाही, हा त्यांचा सवाल. सवाल चांगला आहे. पण चिंपांझी दिवसाचे कित्येक तास चघळत बसतो, आणि ते काम आपण मिक्सरवर सोपवतो.

मिक्सर नेमकं काय करतो? पानातली पोषकद्रव्यं पेशींच्या आत असतात आणि पेशींना सेल्युलोजची भिंत असते. ती आपल्याला पचत नाही, ती फोडावी लागते. दातांनी फुटते त्याहून पुष्कळ जास्त पात्यांनी फुटते. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी पालक उकडून, वाफवून, तळून आणि कच्चाच बारीक करून पाहिला आणि त्यातलं ल्युटिन किती टिकतं, किती मोकळं होतं, ते प्रयोगशाळेत मोजलं. जितका वेळ शिजवावं तितकं ल्युटिन घटत गेलं. कच्चा बारीक केलेला पाला सरस ठरला, आणि त्यात साय, दूध किंवा दही यांसारखा स्निग्धांश असलेला पदार्थ घातला तेव्हा ल्युटिन जास्त मोकळं झालं. ल्युटिन आणि बीटा कॅरोटिन ही तेलातुपात विरघळणारी. स्निग्धाचा अंशही नसेल तर ती आतड्यातून जशीच्या तशी पुढे सरकतात. म्हणून नुसत्या पाण्यातली "हलकी" स्मूदी ही मला वाया घालवलेली स्मूदी वाटते. तिच्यात चार बदाम, चमचाभर तीळ, ओल्या नारळाचा चव किंवा सायीसकट दही, यातलं काहीतरी हवंच.

फोडलेल्या पेशीचा एक तोटाही आहे. १९७७ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी एक सोपा प्रयोग केला. त्याच माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं, अख्खं, गर करून आणि गाळलेला रस म्हणून. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरापट वेगानं संपला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळानं सगळ्यांत जास्त, गरानं त्याहून कमी आणि रसानं सगळ्यांत कमी दिली. रसानंतर इन्सुलिन उसळलं आणि मग रक्तातली साखर खाली घसरली. स्मूदी म्हणजे यातला मधला प्रकार. तंतू आत असतात म्हणून ती गाळलेल्या रसाहून निश्चित चांगली, पण चावण्याचं समाधान ती देत नाही. दोन मिनिटांत पेला रिकामा होतो आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते. तंतूंच्या बाबतीतही वास्तव ओळखून असावं. साठ ग्रॅम पालकात जेमतेम सव्वा ग्रॅम तंतू असतात आणि दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम लागतात.

आणि मग साखर. पाल्याची चव झाकायला मध्यम केळं घातलं की चौदा ग्रॅम साखर आली. त्यात एक सफरचंद, वर मोठा चमचा मध, म्हणजे पेल्यात पन्नास ग्रॅमपर्यंत साखर. रंग हिरवा, पण आतला ऐवज सरबताचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली किती माणसं रोज सकाळी श्रद्धेनं असा पेला पितात, हे पाहून मला खरोखर काळजी वाटते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं नियमच करून टाकला आहे. दिवसभरात फळंभाज्यांच्या पाच वाट्यांपैकी रस आणि स्मूदी मिळून एकच वाटी धरायची, आणि तीही दीडशे मिलिलिटरपर्यंतच. माझ्या मते पेल्यात एकच फळ असावं, तेही अर्धं. पेरू घ्या, संत्र्याच्या फोडी घ्या, आवळा घ्या. मध आणि खजूर नकोत.

आवळा किंवा लिंबू घालण्यामागे चवीपलीकडचंही कारण आहे. पालकातलं लोह म्हणजे पुष्कळांच्या श्रद्धेचा विषय. पण वनस्पतीतलं लोह शरीरात फारच थोडं शोषलं जातं. क जीवनसत्त्व सोबतीला असेल तर त्यात चांगली वाढ होते, आणि चहा सोबतीला असेल तर घट. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळलं. त्यांनी स्मूदीवर विसंबून लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. मूल व्हावं अशी इच्छा असलेल्या बाईनं फॉलिक आम्लाची गोळीही सोडू नये. आधीच्या बाळात आढळलेला मज्जारज्जूचा दोष पुढच्या बाळात पुन्हा उद्भवणं या गोळीनं ७२ टक्क्यांनी टळतं, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या चाचणीत दिसून आलं. पालकाच्या पेल्याची अशी परीक्षा कोणी घेतलेली नाही.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र पाला एक सुंदर काम करतो. पालकात आणि बिटात नायट्रेट भरपूर असतं. ते रक्तात शोषलं जातं, तिथून लाळेत उतरतं आणि जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. गिळल्यावर त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्तवाहिन्यांना हा इशारा देणारा वायू ओळखल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. रक्तदाब यानं काही मिलिमीटरच उतरतो, औषधाची जागा पाला घेत नाही, पण रोजचे ते काही मिलिमीटर मोलाचे असतात. ज्यांना सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक माउथवॉशनं चुळा भरायची सवय आहे, त्यांच्या जिभेवरचे हे मदतनीस मरतात आणि फायदा हातचा जातो.

दीर्घकाळचे अभ्यासही आहेत. शिकागोच्या रश विद्यापीठानं ९६० वृद्धांना अनेक वर्षं पाहिलं. दिवसाला साधारण एक वाटी पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती, पालेभाजी न खाणाऱ्यांपेक्षा सावकाश घसरत होती. हा फरक वयाच्या ११ वर्षांइतका होता. २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात जास्त पालेभाजी खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका १४ टक्क्यांनी कमी आढळला. पालेभाजी खाणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी असतात, त्यामुळे सगळं श्रेय पानाला देता येत नाही. आणि ही माणसं पाला ताटात घेऊन खात होती. स्मूदीचे म्हणून सांगितले जाणारे बहुतेक फायदे असे पालेभाजीकडून उसने घेतलेले आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण लिहायलाच हवं होतं, तिच्याकडे येतो. ऑक्झॅलेट. अळूचं पान नीट शिजलं नाही तर घसा खवखवतो, हे कोकणातल्या लेकरालाही ठाऊक असतं. ती खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांची. पालकात हे ऑक्झॅलेट बरंचसं विरघळलेल्या रूपात असतं, म्हणून टोचत नाही, पण असतं भरपूर, शंभर ग्रॅमला सहाशे मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त. पालकातलं कॅल्शियम याच्याच मिठीत अडकलेलं असतं. दुधातलं कॅल्शियम सव्वीस-सत्तावीस टक्के शोषलं जातं, तर पालकातलं पाच टक्क्यांच्या आसपास. उरलेलं मोकळं ऑक्झॅलेट रक्तात जाऊन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि तिथे कॅल्शियम भेटलं की मुतखडा.

निरोगी माणसाची मूत्रपिंडं थोडंफार ऑक्झॅलेट सहज निभावतात. पण २०१८ मध्ये मूत्रपिंडविकारांच्या एका अमेरिकन नियतकालिकात पासष्ट वर्षांच्या एका बाईची हकीकत आली. "शरीरशुद्धी" म्हणून तिनं पालेभाज्यांच्या स्मूदीचा सपाटा लावला. तिची मूत्रपिंडं ऑक्झॅलेटच्या स्फटिकांनी भरून निकामी झाली आणि तिला डायलिसिसवर जावं लागलं. तिची पूर्वी जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली होती आणि नुकतीच दीर्घकाळ प्रतिजैविकं घेऊन झाली होती. या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे. बायपासनंतर चरबी नीट शोषली जात नाही, आतड्यातलं कॅल्शियम त्या चरबीशी जुळतं आणि ऑक्झॅलेट मोकळं सुटतं. आतड्यात ऑक्झॅलेट खाऊन जगणारे जिवाणू असतात, ते प्रतिजैविकांनी मरतात. शुद्धीच्या नादानं तिचं सर्वांत मोठं नुकसान झालं ते शुद्धी करणाऱ्या अवयवाचंच. यकृत आणि मूत्रपिंडं हे काम अहोरात्र करत असतात, त्यांना पेलाभर पाल्याच्या मदतीची गरज नसते.

यावर उतारा आपल्या स्वयंपाकघरात आहे. पालकात दही घालायचं. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच पकडतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दुसरा उपाय पानं बदलण्याचा. पालक, माठ, राजगिरा, चुका यांच्यात ऑक्झॅलेट जास्त, तर मेथी, कोथिंबीर, कोबी, सॅलडची पानं यांच्यात फार कमी. म्हणून रोज पालक हा हट्ट सोडावा. एक दिवस पालक घेतला तर दोन दिवस कोथिंबीर, पुदिना, मेथीची कोवळी पानं, शेवग्याच्या पाल्याची चिमूट असं काही घ्यावं. केल नावाची परदेशी पालेभाजी महागड्या पाकिटात आणण्याची मला तर गरज दिसत नाही. ज्याला एकदा तरी मुतखडा झाला आहे, त्यानं कच्च्या पालकाच्या वाटेला जाऊ नये. उकडून पाणी ओतलं की विरघळणारं ऑक्झॅलेट ३० ते ८७ टक्के निघून जातं. आजीची पाणी ओतून देण्याची पद्धत फोलेटचा तोटा करत होती, पण मूत्रपिंडाला सांभाळत होती.

आणखी काहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पेला सुरू करू नये. हृदयात धातूची झडप बसवल्यावर वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. ही गोळी के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते, आणि शंभर ग्रॅम पालकात दिवसाच्या गरजेच्या चार-पाच पट के जीवनसत्त्व असतं. एकाएकी रोज पालक सुरू केला तर गोळीचा परिणाम घटतो आणि गुठळीचा धोका वाढतो. अशांना पालेभाजी वर्ज्य नाही, पण प्रमाण रोज सारखं हवं. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत, त्यांना पोटॅशियमही बाधतं.

सकाळी बागेबाहेर फिरायला येणाऱ्यांसाठी दुधी, कारलं, गव्हांकुर यांचे रस विकणाऱ्या गाड्या उभ्या असतात. दुधीच्या रसाबद्दल इथे सांगायलाच हवं. क्वचित एखादा दुधी कडू निघतो. त्यातली कुकुर्बिटासिनं जठराला रक्तस्राव होईपर्यंत जाळतात. अशा रसानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं त्यावर स्पष्ट सल्ला दिला आहे. आधी तुकडा चाखा, कडू लागला तर टाकून द्या, दुसऱ्या कशात मिसळून कडूपणा झाकू नका. औषध कडूच असतं, असं मानून लोक घोट गिळतात, तीच चूक जिवावर बेतते.

कच्चा पाला धुण्याचं काम कंटाळवाणं खरं, पण त्यात हयगय नको. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाकीटबंद पालकातून घातक ई. कोलाय जिवाणू पसरला आणि सुमारे दोनशे लोक आजारी पडले, काही मरण पावले. आपल्याकडे तर पाला कोणत्या पाण्यावर वाढला हेही ठाऊक नसतं. सांडपाण्यावर वाढलेल्या पानावर पट्टकृमीची अंडी असू शकतात. ती पोटात गेली आणि अळ्या मेंदूत पोचल्या तर झटके येतात. मुळं आणि मातकट देठ कापून, पानं सुटी करून, तीन-चार पाण्यांतून काढून वाहत्या पाण्याखाली धुवावीत. पावसाळ्यात पालेभाजी नको, असं घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, ते कच्च्या पाल्याच्या बाबतीत मला अगदी पटतं. त्या चार महिन्यांत पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढावीत, म्हणजे जंतूंचा भार बराच कमी होतो, आणि थोडं ऑक्झॅलेटही जातं. मनात शंका असेल तर सरळ भाजी शिजवूनच खावी.

एका माणसासाठी दोन मुठी पाला, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. अर्धी वाटी दही, अर्धा पेरू किंवा दोन-तीन संत्र्याच्या फोडी, आल्याचा तुकडा, चार भिजवलेले बदाम, चवीपुरतं सैंधव, वरून लिंबू. आधी पाला आणि दही फिरवावं, मग फळ. गाळू नये. पेला घोटाघोटानं, दहा मिनिटं घेऊन संपवावा, सोबत पोहे किंवा भाकरी असू द्यावी आणि चहा तासाभरानं. दुपारच्या ताटातली मेथी, चाकवत किंवा चवळीचा पाला या पेल्यामुळे रद्द करू नये. राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसाला दिवसाला भाज्या चारशे ग्रॅम आणि फळं शंभर ग्रॅम सांगते, आणि या पेल्यात त्यातला छोटासाच हिस्सा येतो. ज्यांच्या दिवसात पालेभाजी एरवी येतच नाही, डबा बाहेरून आणणारे, एकटे राहणारे, दातांनी चावता न येणारे म्हातारे, त्यांना या पेल्याचा सर्वांत जास्त लाभ आहे.

केलेली स्मूदी लगेच प्यावी. उरली तर फ्रीजमध्ये, आणि त्याच दिवशी संपवावी. वाटलेला पाला बाहेर ठेवला की जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करू लागतात. मोठ्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, तान्ह्या बाळांना होतो. १९६० च्या दशकात जर्मनीत पालकाची पेज खाल्लेली काही तान्ही बाळं निळी पडली, कारण नायट्राइटमुळे रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पालकाचा रस चमच्यानंही चाटवू नये.